हेडसेट दहा, मुलं चाळीस: आरोग्याच्या तासाला व्हीआर कुठे वापरावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेला दहा व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट देणगीत मिळाले आहेत. १३ ते १६ वयाच्या चाळीस मुलामुलींचा वर्ग आहे. व्यसनं, वयात येणं, ताणतणाव, आहार, व्यायाम, प्रथमोपचार असं सगळं तुम्हाला शिकवायचं आहे. भाषणाला मुलं कंटाळतात, म्हणून आता हेडसेट. तर कोणती अ‍ॅप्स घ्यावीत, मुलांच्या सवयी त्याने खरंच बदलतात का, आणि डोळ्यांबद्दल पालक विचारतात त्यांना काय सांगावं? मी बरीच वर्षं किशोरवयीनांसाठी आरोग्यशिक्षणाचे कार्यक्रम बसवते, अलीकडे त्यातले काही हेडसेट घेऊन. अ‍ॅपची यादी लगेच देत नाही, आधी थोडं मागून सुरुवात करते.

‘मुलं कंटाळतात’ हे निदान मला अर्धंच पटतं. तंबाखू वाईट असते हे माहीत नसलेला चौदा वर्षांचा मुलगा तुम्हाला क्वचितच भेटेल. परीक्षेत विचारा, पाच दुष्परिणाम क्रमाने लिहून देईल. तोच मुलगा संध्याकाळी चार मित्रांत उभा असताना एकाने ई-सिगारेट पुढे केली की त्याची जीभ अडखळते. माहिती भरपूर आहे, पण तोंडातून बाहेर पडेल असं वाक्य तयार नाही. वयात येण्याच्या विषयात उलटं असतं. तिथे माहितीच अर्धवट, बरीचशी ऐकीव, आणि वरून लाज. झोप, खाणं, व्यायाम यांची गोष्ट आणखी तिसरीच. काय करायला हवं ते सगळ्यांना ठाऊक असतं, घोडं अडतं ते रोजच्या वेळापत्रकाशी आणि हातातल्या फोनशी. या तीन अडचणींवर औषध एक नाही. माझा अनुभव असा की हेडसेट पहिल्या अडचणीवर चांगला चालतो, दुसरीवर जेमतेम, आणि तिसरीवर जवळजवळ नाहीच.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले व्हीआरचे संशोधक जेरेमी बेलनसन व्हीआरसाठी एक साधी चाळणी सांगतात: जी गोष्ट प्रत्यक्षात करणं धोक्याचं आहे, अशक्य आहे, फार खर्चिक आहे किंवा केली तर नुकसानच होईल, तिच्यासाठीच व्हीआर वापरावं. मी विषय बाजूला ठेवून प्रसंग निवडते आणि या चाळणीतून काढते. ‘व्यसनमुक्ती’ हा विषय झाला. ‘मोठ्या वर्गातला, मला आवडणारा मुलगा वेप (ई-सिगारेट) पुढे करतो आणि बाकीचे बघत असतात’ हा प्रसंग झाला. प्रसंग हाताशी असला की हेडसेट लागतो की नाही, याचं उत्तर पटकन मिळतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, तुम्ही लिहिलेल्यावरून मला त्या कळत नाहीत. खोलीत तुमच्याखेरीज आणखी मोठं माणूस कोण असेल? तास किती मिनिटांचा आहे, दोन तास जोडून मिळतील का? अ‍ॅप ज्या भाषेत आहे ती भाषा मुलं सहज बोलतात का? लैंगिकतेच्या विषयाला शाळेचा आणि पालकांचा पाठिंबा कितपत आहे? आणि एखादं मूल त्या तासानंतर तुमच्यापाशी येऊन काही सांगू लागलं, तर त्याला पुढे कुणाकडे न्यायचं हे ठरलं आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर ताणतणाव आणि मानसिक आरोग्य हा भाग तूर्त हेडसेटवर घेऊच नका. त्यावर पुढे लिहिते.

शरीराच्या आत फिरवून आणणाऱ्या अ‍ॅप्सची सगळ्यांनाच भुरळ पडते, देणगीदारांना तर जास्तच. रक्तवाहिनीतून पोहत जायचं, तांबड्या पेशी कानाजवळून सरकतात, मुलं ओरडतात. छान वाटतं. पण २०१८ साली जॉसेलिन पॅरोंग आणि रिचर्ड मेयर या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हाच धडा तपासला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी काहींना रक्तप्रवाहाचा प्रवास व्हीआरमधून घडवला, काहींना तोच मजकूर संगणकावर साध्या स्लाइड्समधून दाखवला. व्हीआरवाल्यांना मजा जास्त आली, चाचणीत गुण मात्र स्लाइडवाल्यांना जास्त पडले. पुढच्याच वर्षी ग्विडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या कामाचा आभासी धडा घेऊन असंच पाहिलं: हेडसेटमुळे ‘आपण तिथेच आहोत’ हा भास वाढला, शिकणं घटलं. मेंदूच्या विद्युत नोंदींतही हेडसेटवाल्यांवर ताण अधिक दिसला.

कारण समजायला अवघड नाही. हेडसेट घातल्यावर मूल चहूकडे बघत असतं, आणि नेमकं त्याच वेळी निवेदक महत्त्वाचं वाक्य बोलून जातो. मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही, टिपण काढता येत नाही, शेजारच्याला विचारता येत नाही. सगळी शक्ती अनुभव घेण्यात खर्च होते, त्याची मनात मांडणी करायला उसंत राहत नाही. पॅरोंग आणि मेयर यांच्या कामातला माझ्या मते अधिक उपयोगाचा भाग पुढचाच आहे. त्यांनी व्हीआर धड्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना आतापर्यंतचा सारांश लिहायला लावला, तेव्हा निकाल सुधारला. म्हणजे दोष हेडसेटचा कमी, सलग दाखवत सुटण्याचा जास्त. मी पाच-सहा मिनिटांपेक्षा मोठा तुकडा कधी ठेवत नाही. हेडसेट उतरला की बोलणं बंद, आधी वही. दोन मिनिटं प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहायचं, मग चर्चा. ही दोन मिनिटं वगळायचा मोह होतो, कारण मुलांना एकमेकांना सांगायची घाई असते. वगळू नका.

आता जिथे हेडसेट मला खरोखर उपयोगी वाटतो, त्याकडे येते: रंगीत तालीम. ‘नाही’ म्हणण्याची, मदत मागण्याची, कोसळलेल्या माणसाजवळ पहिलं पाऊल टाकण्याची तालीम. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलेला स्वसामर्थ्याचा विचार इथे कामी येतो. ‘हे मला जमेल’ हा विश्वास माणसाला सर्वांत जास्त मिळतो तो स्वतः एकदा जमवून दाखवल्यावर, आणि त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमताना पाहून. उपदेश ऐकून मिळणारा विश्वास या दोन्हींच्या खाली येतो.

येल विद्यापीठातल्या प्ले-टू-प्रिव्हेंट प्रयोगशाळेने ‘इन्व्हाइट ओन्ली व्हीआर’ नावाचा खेळ याच धर्तीवर बनवला. त्यात मूल आपल्या वयाच्या पात्रांमध्ये वावरतं, ती ई-सिगारेट पुढे करतात आणि मुलाला नकार द्यावा लागतो. खेळ आवाज ओळखतो, त्यामुळे तो नकार स्वतःच्या तोंडाने बोलायचा असतो. शाळकरी मुलांवरच्या अभ्यासात ई-सिगारेटबद्दलची माहिती आणि तिच्या धोक्याची जाणीव वाढलेली आढळली. याचा अर्थ मुलं पुढे वेपकडे वळणारच नाहीत असा मी काढत नाही, तुम्हीही काढू नका. ‘सवयी बदलतील का’ या प्रश्नाला माझं आजचं उत्तर असं की माहिती, जाणीव आणि आत्मविश्वास इथपर्यंत पुरावा बऱ्यापैकी आहे, प्रत्यक्ष वागण्यापर्यंत तो फार विरळ आहे. देणगीदाराला अहवाल लिहिताना हे लक्षात असू द्या.

नकाराची तालीम हेडसेटशिवाय, वर्गात नाटुकलं करूनही होते. मग हेडसेट कशाला? कारण सगळ्या वर्गासमोर ‘नाही’ म्हणून दाखवायला सांगितलं की लाजाळू मूल मान खाली घालतं, वात्रट मूल विनोद करतं आणि उरलेली टाळ्या वाजवतात. सराव कुणाचाच होत नाही. हेडसेटमध्ये हसणारं कुणी नसतं. पहिला नकार पुटपुटत येतो, दुसरा जरा मोठ्याने, तिसऱ्या वेळी कारणासकट. म्हणून अशा प्रसंगांच्या वेळी मुलाला दिसणारं दृश्य भिंतीवरच्या पडद्यावर अजिबात दाखवू नका. ते फक्त तुमच्या टॅबलेटवर दिसू द्या. पुष्कळ शिक्षक उत्साहाने पडदा लावतात आणि जो एकांत हेडसेटने दिला होता तो काढून घेतात. हेडसेटनंतर जोड्या करा आणि तोच प्रसंग समोरासमोर करायला लावा. एकांतात एकदा जमलेलं असलं की जोडीत जमायला वेळ लागत नाही. आणि ही दुसरी पायरी हवीच, कारण खऱ्या मित्राच्या चेहऱ्यावरची नाराजी कुठल्याच सॉफ्टवेअरला अजून नीट दाखवता आलेली नाही.

संवादांबद्दल एक सांगायचं राहिलं. मोठ्यांनी लिहिलेलं मित्रांचं बोलणं मुलं तत्काळ ओळखतात आणि त्याची टिंगल करतात. खऱ्या जगात ‘चल, धूम्रपान करू या’ असं कुणी म्हणत नाही. बहुधा कुणी काहीच म्हणत नाही, नुसती वस्तू पुढे येते. कधी ‘तुला नको असेल ना, राहू दे’ असं बोचेल अशा सुरात म्हटलं जातं. ही बारकाई मुलांकडूनच मिळते. त्यामुळे तुमच्या हेडसेटसाठी बाजारातलं अ‍ॅप घेण्याऐवजी ३६० अंशांचा कॅमेरा मिळवता आला तर पाहा. मोठ्या वर्गातल्या मुलांना प्रसंग लिहू द्या, त्यांनाच पात्रं होऊ द्या, दीड-दोन मिनिटांची चित्रफीत पुरे. पात्राने विचारलं की फीत थांबते, बघणारं मूल मोठ्याने उत्तर देतं, मग पुढचा तुकडा. भाषेची अडचणही यात सुटते. आवाज ओळखणारी अ‍ॅप्स दुसऱ्या भाषेसाठी बनलेली असतात, आपल्या मुलांच्या बोलीपुढे ती गडबडतात, आणि तिसऱ्यांदा ‘पुन्हा सांगा’ आलं की मूल हेडसेट काढून ठेवतं. शिवाय एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे: प्रसंग लिहिणारी मुलं तो बघणाऱ्यांपेक्षा जास्त शिकतात.

प्रथमोपचार हा माझा दुसरा आवडता विषय, खासकरून सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबत राहून त्याला वाचवायचा उपाय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली ‘किड्स सेव्ह लाइव्ह्ज’ या निवेदनाला पाठिंबा दिला. त्यात १२ वर्षांपासून पुढे दरवर्षी दोन तास सीपीआर शिकवावं असं सुचवलं आहे. प्रौढ माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची असते. हे खोलीचं गणित हेडसेट शिकवू शकत नाही. हवेत हात हलवून तळव्याला फासळ्यांचा विरोध कळत नाही. तिथे सरावाचा पुतळाच हवा. पण पुतळ्याभोवती उभी असलेली मुलं आधीच ठरल्याप्रमाणे वागत असतात. माणूस कोसळला, आजूबाजूला गोंधळ आहे, कुणी फोन काढून चित्रीकरण करतंय, अशा वेळी पुढे कोण जाणार? तो कचरण्याचा क्षण व्हीआर उभा करू शकतं. ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलचं ‘लाइफसेव्हर’ हा प्रशिक्षणाचा खेळ याच कल्पनेवर आहे आणि त्याची व्हीआर आवृत्तीही निघाली. माझ्याकडे क्रम ठरलेला असतो: आधी हेडसेटमध्ये प्रसंग, हाक मारून प्रतिसाद आणि श्वास पाहणं, मदतीला फोन, एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणायला कुणाला तरी धाडणं. मग लगेच हेडसेट काढून पुतळ्यापाशी गुडघे टेकायचे. या विषयाला मोठा पडदा जरूर लावा. इथे लाज नाही, आणि बघणाऱ्यांनाही शिकता येतं.

पुढची गोष्ट जरा कठोरपणे सांगते, कारण शाळांकडून हीच मागणी सर्वांत जास्त येते: ‘मुलांना घाबरवणारं काहीतरी दाखवा.’ काळवंडलेली फुप्फुसं, अपघातानंतरचा रस्ता, तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण, तेही हेडसेटमध्ये अगदी डोळ्यांपुढे. मी नकार देते. घाबरवून सुधारण्याचा इतिहास चांगला नाही. अमेरिकेत मुलांना तुरुंग दाखवून गुन्ह्यांपासून दूर ठेवायचे ‘स्केअर्ड स्ट्रेट’ कार्यक्रम झाले. त्यांच्या एकत्रित आढाव्यात असं दिसलं की तुरुंग पाहून आलेल्या मुलांमध्ये गुन्ह्यांचं प्रमाण उलट वाढलेलं होतं. संवादाच्या अभ्यासक किम विट्टे यांनी १९९२ साली भीतीच्या संदेशांबद्दल जे मांडलं ते मला रोज उपयोगी पडतं: धोका मोठा वाटला आणि आपल्या हातात काही उपाय आहे असंही वाटलं, तर माणूस धोक्याचा बंदोबस्त करतो. धोका मोठा आणि उपाय हातात नाही असं वाटलं, तर तो भीतीचा बंदोबस्त करतो. म्हणजे हसण्यावारी नेतो, ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते’ म्हणतो, नजर फिरवतो. हेडसेटमध्ये नजर फिरवायलाही जागा नसते, म्हणून तिथे हे अधिक जपायला हवं. धोका दाखवायचाच असेल तर त्याच बैठकीत, हेडसेट उतरायच्या आत, करता येईल अशी एक कृती मुलाच्या हातात द्या. आणि चाळीस मुलांत घरी हिंसा, अपघात किंवा मृत्यू नुकताच पाहिलेलं एखादं मूल असतंच असं धरून चाला. दृश्यात काय आहे ते आधी सांगा. ‘मला नको’ म्हटलं तर कारण विचारू नका.

याच सावधगिरीपोटी मी मुलांच्या स्वतःच्या देहाची आभासी प्रतिमा जाड-बारीक करून दाखवणारी अ‍ॅप्स वापरत नाही. जेसी फॉक्स आणि बेलनसन यांनी २००९ साली दाखवलं होतं की आपल्याच चेहऱ्याचा अवतार व्यायामाने सडपातळ होताना पाहिला की माणसं व्यायाम जास्त करतात. शोध महत्त्वाचा आहे. पण आरशासमोर आधीच दुःखी असलेल्या चौदा वर्षांच्या मुलीवर तो प्रयोग करायची माझी तयारी नाही.

एआरबद्दल, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावरच आभासी चित्र दाखवणाऱ्या तंत्राबद्दल, तुम्ही जाता जाता विचारलंय, पण तुमच्या निम्म्या विषयांसाठी तेच बरं. एआरमध्ये मुलं एकमेकांना दिसतात, बोटाने दाखवतात, वाद घालतात. टॅबलेट शर्टवरच्या खुणेवर धरला की छातीत फुप्फुसं दिसतात. म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने तर आरशात उभं राहिल्यावर स्वतःच्या अंगावर आतले अवयव दिसतील अशी यंत्रणा केली आहे. प्रजननसंस्था, मासिक पाळी, वयात येताना होणारे बदल यांसाठी मी चार-चार मुलांत एक टॅबलेट आणि फिरवता येणारी त्रिमिती प्रतिकृती वापरते. या विषयात मुलांना एकांतापेक्षा हळू आवाजातल्या गप्पा हव्या असतात. सोबत बिननावाच्या चिठ्ठ्यांची पेटी ठेवा. खरे प्रश्न त्या पेटीतच येतात. हेडसेट इथे नकोच.

व्यायाम, आहार, झोप यांवर थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सुचवते, आणि जगात ११ ते १७ वयाच्या दर पाच मुलांपैकी चार जणांची ती होत नाही. एआर खेळांनी हा प्रश्न सुटेल अशी आशा २०१६ साली ‘पोकेमॉन गो’ आला तेव्हा फार होती. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात, तरुण प्रौढांची रोजची चाल पहिल्या आठवड्यात सरासरी ९५५ पावलांनी वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत येरे माझ्या मागल्या. सवयीच्या प्रश्नावर नवलाईचा उपाय इतपतच टिकतो. झोपेसाठी हेडसेट वापरणं म्हणजे आणखी एक पडदा. आहारात ताटातल्या वाढपाचा अंदाज दाखवणारी एआर अ‍ॅप्स बरी आहेत, त्यापुढे काही नाही.

ताणतणावाचं मात्र दोन्ही बाजूंनी बोलायला हवं. व्हीआर लक्ष वेधून धरतं यात शंका नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाचे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी ‘स्नोवर्ल्ड’ हा बर्फाळ आभासी प्रदेश भाजलेल्या रुग्णांसाठी बनवला, आणि ड्रेसिंग बदलताना त्यात गुंतलेल्या रुग्णांना वेदना कमी जाणवल्या. ‘डीप’ नावाच्या खेळात पोटाच्या श्वासावर पाण्याखाली तरंगायचं असतं. खोल श्वास आत घेतला की तुम्ही वर उचलले जाता. मुलांच्या चिंतेवर त्याचे अभ्यास झाले आहेत. श्वासाचा सराव शिकवायला असं काही वापरायला माझी हरकत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्याच म्हणण्याप्रमाणे मानसिक विकारांपैकी एक तृतीयांश वयाच्या १४ वर्षांआधी आणि निम्मे १८ वर्षांआधी सुरू झालेले असतात, म्हणजे तुमच्या वर्गात त्रास होत असलेली मुलं नक्की बसलेली आहेत. हेडसेट काढल्यावर एखादं रडायला लागलं तर ‘बरं वाटेल हां’ म्हणून पुढचा गट बोलावता येत नाही. समुपदेशक त्या दिवशी शाळेत असेल तरच हा तास लावा.

आता पालकांचे प्रश्न. हेडसेटमधला पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असतो, पण भिंगांमुळे नजर साधारण दीड-दोन मीटरवरची वस्तू पाहावी तशी जुळते. अडचण वेगळी आहे: चित्रातली वस्तू जवळ आली की दोन्ही डोळे आत वळतात, नजरेची जुळणी मात्र त्याच दीड-दोन मीटरवर राहते. या ओढाताणीने डोळे थकतात, डोकं दुखतं. थोड्या वेळच्या वापराने कायमचं नुकसान होतं असं दिसलेलं नाही, पण वाढत्या वयातल्या दीर्घ वापराचे अभ्यास कमी आहेत, त्यामुळे वेळ आखडती ठेवणं हेच शहाणपण. मी एका बैठकीला दहा मिनिटांवर जाऊ देत नाही. प्रौढांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असतं, लहान मुलांचं कमी. हेडसेटचं भिंगांतलं अंतर प्रत्येक मुलासाठी जुळवून घ्या. अंधुक दिसतं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं तेवढ्याने भागतं. वयाच्या अटी कंपनीनुसार वेगळ्या आहेत. मेटाने २०२३ साली आपली अट १३ वरून १० वर्षांवर आणली, तीही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यासह. अ‍ॅपलची १३ आहे, सोनीची १२. तुमच्या मॉडेलची पुस्तिका पालकसभेत वाचूनच दाखवा. अपस्माराचा त्रास असलेल्या मुलांबाबतचा इशारा तिच्यात असतो, तो लेखी संमतीपत्रातही असायला हवा.

मळमळ आणि गरगरणं हा रोजचा त्रास. डोळे म्हणतात आपण चाललो आहोत, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते आपण बसलो आहोत, या विसंगतीतून तो होतो. म्हणून ज्यात मूल बसल्या जागी आहे आणि दृश्य आपोआप पुढे सरकत नाही अशीच अ‍ॅप्स निवडा. मूल गप्प झालं, जांभया देऊ लागलं, कपाळावर घाम दिसला की त्याने सांगायची वाट न पाहता हेडसेट काढा. काही मुलांना तो कधीच मानवत नाही. त्यांच्यासाठी तोच प्रसंग साध्या पडद्यावर तयार ठेवा, आणि त्यांना वेगळं बसवून ओशाळं करू नका. उवा आणि आलेले डोळे हेडसेटबरोबर फिरतात, म्हणून चेहऱ्याला लागणारा भाग पुसता येईल अशा आवरणाचा घ्या आणि दर मुलानंतर पुसा. भिंगांना मात्र अल्कोहोल नको, कोरडं मऊ कापडच. आणि हेडसेट उन्हाच्या खिडकीत कधीही ठेवू नका. भिंगातून ऊन एकवटलं की आतला पडदा कायमचा जळतो.

एक विषय पालक विचारत नाहीत, पण तुम्ही विचारा: खासगीपणा. हेडसेट डोक्याची आणि हातांची प्रत्येक हालचाल नोंदवतो. २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ५११ लोकांच्या अशा नोंदी घेतल्या. प्रत्येकाच्या पाच मिनिटांहूनही कमी नोंदींवरून त्यांच्या यंत्रणेने ९५ टक्के लोक अचूक ओळखले. त्यात नाव, चेहरा काहीही नव्हतं. इथे तर वर ‘तू कधी ओढलीस का?’ यासारखी उत्तरंही जोडली जाणार. मुलांच्या नावाने खाती उघडू नका. हेडसेटला क्रमांक द्या, शाळेचं एकच खातं ठेवा, शक्य तिथे इंटरनेट बंद ठेवून चालवा, आणि उत्तरं साठवणारं अ‍ॅप असेल तर सोडून द्या.

दहा हेडसेट आणि चाळीस मुलांचं गणित असं बसवा: दहा-दहाचे चार गट, चार कोपरे. एका कोपऱ्यात हेडसेट, दुसऱ्यात जोडीने नकाराचा सराव किंवा सीपीआरचा पुतळा, तिसऱ्यात टॅबलेटवरचं एआर, चौथ्यात वही आणि चिठ्ठ्यांची पेटी. ज्या गटाची फेरी हेडसेटपासून सुरू होत नाही त्याला तोच प्रसंग आधी कागदावर वाचायला द्या, म्हणजे जोडीचा सराव कोरडा जात नाही. नुसते हेडसेट घालण्यात, पट्टे आवळण्यात तीन-चार मिनिटं जातात, म्हणून एका तासात हे बसत नाही, दोन तास जोडून घ्या. हेडसेटच्या कोपऱ्यात दोन मोठी माणसं हवीत, एक पडद्यावर लक्ष ठेवायला आणि एक मुलांवर. बॅटरी दोन-अडीच तास पुरते, दुपारच्या वर्गासाठी मधल्या सुट्टीत चार्जिंग लावायला विसरू नका.

अ‍ॅप्सची यादी मी शेवटपर्यंत दिली नाही, त्याला कारण आहे. गुगलने २०१४ साली पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड आणला, पाठोपाठ शाळांसाठी एक्स्पीडिशन्स आलं, अनेकांनी त्यावर पाठ बेतले, आणि २०२१ साली दोन्ही बंद झाली. वर जी नावं घेतली ती कल्पना कळावी म्हणून. ती तुमच्या हेडसेटवर आज मिळतात का, ते तपासूनच पुढे जा. पाठाची टिपणं अशी लिहा की अ‍ॅप उद्या नाहीसं झालं तरी प्रसंग, जोडीचा सराव आणि वहीतले प्रश्न तसेच वापरता येतील.

पहिल्या सत्रात दोनच गोष्टी घ्या: वेपला नकार आणि सीपीआर. तासानंतर ‘आवडलं का?’ असं विचारू नका, नवलाईपोटी सगळे हो म्हणतील. महिनाभराने वर्गाला न सांगता एक नवा प्रसंग कागदावर द्या आणि ‘तू नेमकं काय म्हणशील?’ एवढंच विचारा. किती मुलांनी स्वतःचं, बोलता येईल असं वाक्य लिहिलं ते मोजा. पुतळ्यापाशी प्रत्येकाला एक मिनिट द्या आणि वेग मोजा. दुसरी तुकडी असेल तर तिला हाच धडा हेडसेटशिवाय, नुसत्या जोडीच्या सरावाने शिकवा आणि दोन्हींचे कागद शेजारी ठेवा. दोन्ही तुकड्या सारख्याच निघाल्या तर हेडसेट दुसऱ्या शाळेला वापरायला द्या आणि पुढच्या देणगीतून आणखी चार पुतळे मागा.